माणशी एक पैसा

फरीदाबादमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला दुसऱ्यासाठी पैसे मागायची सवय शाळेतच लागली. 2 ऑक्टोबरनंतर क्षयरोग निवारणाची तिकिटं विकायची, 7 डिसेंबरला ध्वजदिनाचे कागदी झेंडे टाचणीने लोकांच्या खिशाला लावायचे, हेल्पएजचा तक्ता घेऊन वृद्धांसाठी रुपया-दोन रुपये जमवायचे. मराठी घरांत त्यात गणपतीच्या पावतीपुस्तकाची भर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा विसर्जन नुकतंच आटोपलं होतं. उरलेल्या पावत्यांवर ‘भूकंपग्रस्त निधी’ लिहून आम्ही पुन्हा तीच दारं वाजवली. एनआयटी वसाहतीतल्या ज्या आज्या फाळणीत बन्नू-पेशावरकडून सगळं सोडून आल्या होत्या, त्यांना घर जाणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.

आता आवाहन मोबाइलवर येतं. सोसायटीच्या ग्रुपवर डायलिसिसवरच्या कुणाचा तरी फोटो, खाली क्यूआर कोड. चहा निवायच्या आत पैसे पोचतात. तेव्हा मदत ओळखीवर मिळायची; आता नाशिकचा माणूस फरीदाबादच्या अनोळखी रुग्णाला हात देतो.

तेव्हाचं सगळं चांगलं नव्हतंच. रिकामा तक्ता परत आणणाऱ्या मुलाला वर्गात उभं करत. शेजाऱ्याने एकावन्न दिले म्हणून परवडत नसताना एकावन्न देणारी घरं होती. मथुरा रोडवरच्या कारखान्यांतून ‘शुभेच्छुक’ म्हणून जाहिराती आणून स्मरणिका काढायची, आणि जमलेल्यातला मोठा वाटा छपाईतच जायचा. हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा समज होता.

आज हिशोब मागणं हा देणाऱ्याचा हक्क आहे. देणगीवर करसवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवर रोख चालत नाही. देणगीदारांचा तपशील संस्थेला प्राप्तिकर खात्याकडे द्यावा लागतो. 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पूर्वी कारखान्याच्या फाटकावर ताटकळणारा कार्यकर्ता आता प्रस्ताव घेऊन साहेबांसमोर खुर्चीवर बसतो. हे व्हायलाच हवं होतं.

हळहळ वाटते ती लहान देणाऱ्याची जागा गेली म्हणून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळक पाठीशी राहिले आणि 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टी फंडासाठी खेड्यापाड्यांतल्या बायका धान्याची एक एक मूठ बाजूला काढून ठेवत आणि त्या मुठींवर वसतिगृहातली मुलं जेवत. ज्याच्याकडे थोडंच होतं, त्यालाही हे काम आपलं म्हणता येई. आमच्या पुस्तकातली दोन रुपयांची पावतीही पाचशेच्या पावतीएवढीच असे, आणि तिच्यावर नाव तितक्याच नीट लिहावं लागे. पैसे कुठे जाणार हे उंबऱ्यावर उभं राहून सांगावं लागे, नकारही तोंडावर ऐकावा लागे.

आता पडद्यावर पाचशे, हजार, दोन हजार अशी बटणं तयार असतात. दहा रुपये देऊ शकणारा ती पाहूनच मागे सरतो.

खरं तर पैसा फंडासाठी इतकं सोयीचं साधन कधीच नव्हतं. यूपीआयने एक रुपयाही पाठवता येतो. भाजीवाल्याकडे ते आहे, सोसायटीच्या रखवालदाराकडेही आहे. त्यांच्यापर्यंत जाऊन मागणारं मात्र कुणी उरलं नाही. संस्थांनी कंपन्यांकडे जरूर जावं. पण वर्षातून एकदा आपली माणसं गल्लीत पाठवावीत, दहा रुपये मागावेत आणि त्या दहा रुपयांची पावती नावानिशी द्यावी. संस्थेवर वाईट दिवस आले, तर तिच्या बाजूने उभी राहणारी माणसं त्या पावत्यांच्या स्थळप्रतींवरच सापडतील.