कुत्र्याचा विमा काढताय? आधी त्याला वळण लावा

"डॉक्टर, गाईचा विमा निघतो, तसा कुत्र्याचा निघतो का?" ढोकीत जनावरांवर उपचार करताना हा प्रश्न मला आता बऱ्याचदा ऐकू येतो. निघतो. पण गाईसारखा नाही.

गाई-म्हशीच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो, आणि राष्ट्रीय पशुधन अभियानातून हप्त्याला सरकारचं अनुदान मिळतं. कुत्र्याचा हप्ता मात्र सगळा तुमच्या खिशातून. कंपनी कुत्र्याचं वय पाहते, ओळखीसाठी फोटो किंवा मायक्रोचिप, पशुवैद्यकाचा दाखला आणि लसीकरणाची नोंद मागते. लस दिलेली नसेल, तर त्या आजाराचा दावा सहसा मिळत नाही. म्हणून लसीचं कार्ड रेशनकार्डासारखं जपा. आणि पॉलिसीत एक गोष्ट शोधाच : आपला कुत्रा दुसऱ्याला चावला, तर भरपाई कोण देणार? काही पॉलिसींत ते संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. मला विचाराल तर उपचारखर्चाआधी हेच पाहा.

कारण ढोकी काही निवांत गाव नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्या, ऊसतोड टोळ्या, त्यांची लहान लेकरं, सगळी तुमच्या दारावरूनच जातात. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, हा आपल्याकडचा पक्का समज. तो राखण कमी करतो, घाबरतो जास्त. आणि घाबरलेला कुत्रा चावतो. पाळीव जनावराबाबत हलगर्जी केली आणि त्यापासून माणसाला धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. कैद काही विमा कंपनी भोगत नाही.

पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे पाहतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. या काळात त्याला ट्रॅक्टरचा आवाज ऐकू द्या, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, काठी टेकत जाणारा माणूस दाखवा. कडेवर घेऊन दाखवलं तरी चालेल. लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांत सोडू नका. शिकवताना घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. बापाने "बस" म्हणायचं आणि आजीने "खाली हो", तर बिचाऱ्याने ऐकायचं कुणाचं? ऐकलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या. पाच मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल आहे, हे त्याला कळत नाही. "ये" म्हणून जवळ बोलावून कधीही मारू नका, पुन्हा येणार नाही. आपल्या भागातले कारवान तर अंगाने चपळ आणि मनाने हळवे. त्यांच्यावर हात उगारला की ते कायमचे बिथरतात.

एवढं करूनही दात लागलाच, तर जखमेवर चुना, मिरची, हळद काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलं असेल, तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. कुत्रा घरचा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस टाळू नका.

पिल्लू ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायला घेऊन या, पुढे दरवर्षी. येताना कार्ड आणा आणि विम्याची कागदं असतील तर तीही.