औषध हक्काचं की उपकाराचं?

मलावीहून परतल्यापासून आम्हा तिघांना एकच प्रश्न विचारला जातोय. "मिशनऱ्यांबरोबर गेला होतात ना, मग किती लोक बाटवले?" विचारणारे दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांना प्रत्येक क्रुसामागे कारस्थान दिसतं. दुसरे आपलेच, चळवळीतले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी चर्चच्या गाडीत बसावंच का, असा त्यांचा रोख. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

आम्ही दोघी नर्स आणि एक फार्मासिस्ट. तिकिटं स्वतःच्या पैशाने काढली, कुणी आमचा धर्म विचारला नाही. मिशनचे दवाखाने महाराष्ट्राला नवे नाहीत. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. जिथे सवर्ण वैद्य नाडीला हात लावायला तयार नव्हता, तिथे मिशनच्या डॉक्टरने हात लावला, आणि आपल्या अनेक मुली अशाच दवाखान्यांत नर्स झाल्या. हे ऋण आम्ही नाकारत नाही. पण ऋण मानलं म्हणून प्रश्न विचारायचे थांबवायचे, असं बाबासाहेबांनी शिकवलेलं नाही.

आमचं गाव मांगोची जिल्ह्यात, मलावी सरोवराच्या काठी. देशात बहुसंख्य लोक ख्रिस्ती, पण या जिल्ह्यात याओ मुसलमान जास्त. याच जिल्ह्यातल्या केप मॅक्लिअरला १८७५ साली स्कॉटिश मिशनरी उतरले. हिवतापाने त्यांची माणसं मेली आणि १८८१ मध्ये मिशन उत्तरेकडे हललं. त्यांच्या कबरी तिथे आहेत. दीडशे वर्षांनी आम्ही त्याच किनाऱ्यावर हिवतापाचीच चाचणी करत होतो.

पहिल्या सकाळी आंब्याखाली दीड-दोनशे माणसं जमली. बायकांच्या पाठीला चितेंजेत बांधलेली पोरं. आधी गाणी, मग प्रवचन, मग प्रार्थना, आणि त्यानंतर नंबराच्या चिठ्ठ्या. काही बायका लांब, रस्त्यापलीकडे उभ्या राहिल्या. 'आमेन' झाल्यावर त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेवटचे नंबर पडले. दुपारी उन्हात त्या तशाच बसून होत्या. स्थानिक नर्सने हळूच सांगितलं, दरवेळी असंच होतं.

संध्याकाळी आम्ही विषय काढला. तुकडीचे प्रमुख पाद्री दुखावले. म्हणाले, कुणावर सक्ती नाही. खरं आहे, सक्ती नव्हती. पण तापाने फणफणलेलं लेकरू पाठीवर असलेल्या आईसाठी 'ऐच्छिक' या शब्दाला काय अर्थ उरतो? धर्म बदलणं हा माणसाचा अधिकार आहे, १९५६ साली लाखोंनी तो नागपुरात बजावला. तो पूर्ण शुद्धीत, विचार करून बजावायचा असतो. औषधाच्या रांगेत उभं राहून नव्हे. वाद रात्री उशिरापर्यंत चालला. ठरलं ते असं : सहा वाजता सगळ्यांना चिठ्ठ्या, सात वाजता ज्याला हवी त्याला प्रार्थना. दुसऱ्या दिवशी पहिली चिठ्ठी पाद्रीबाबांनी स्वतःच्या हाताने दिली, हे नोंदवलं पाहिजे. प्रार्थनेला किती उरले ते आम्ही मोजलं नाही. त्यांनी मोजलं असावं.

म्हणजे हिंदुत्ववाल्यांचा संशय खरा ठरला का? नाही. जे स्वतः पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला दवाखान्याबाहेर ठेवत आले, त्यांना हा प्रश्न विचारायचा नैतिक अधिकार नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

सरोवराच्या पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून बिल्हार्झियाचा जंतू अंगात शिरतो. त्यावर प्राझिक्वांटेल. उंची मोजायच्या काठीशी मुलं उभी करायची आणि काठीवरच्या खुणेप्रमाणे गोळ्या द्यायच्या. मुलं टाचा उचलून उंच व्हायची, मग कडू गोळी जास्त मिळाल्यावर तोंड वाकडं करायची. आणि दुपारी तीच मुलं त्याच पाण्यात, कारण आया तिथेच भांडी-कपडे धूत होत्या. गोळी आम्ही देऊ शकतो. नळ आणि संडास कोण देणार?

रक्तदाबाचं त्याहून वाईट. एका म्हातारीला आम्ही महिन्याच्या गोळ्या दिल्या. तिने दुभाष्याकडून विचारलं, "त्यानंतर?" आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. मलावीत सरकारी दवाखाना मोफत आहे, पण तिथलं कपाट पुष्कळदा रिकामं असतं. चर्चची रुग्णालयं बऱ्याच उपचारांना पैसे घेतात. काही ठिकाणी बाळंतपणाचा आणि मुलांचा खर्च करार करून सरकार उचलतं. गावात कायम असतो तो सरकारचा आरोग्यसेवक, सायकलवर फिरणारा. फोटोत मात्र आम्ही.

आणखी एक सांगायलाच हवं. तिथे भारतीयांना 'अम्वेन्ये' म्हणतात, म्हणजे बहुतेकदा दुकानदार. आम्ही चाललो की लोक वाट सोडायचे, खुर्ची पुसून द्यायचे. ज्यांच्या आजोबांना गावात खुर्ची मिळाली नाही, त्यांना कातडीच्या रंगावरून मान मिळत होता. सुखावणारं होतं, म्हणूनच भीतीदायक होतं. १९३२ साली निघालेल्या हरिजन सेवक संघावर बाबासाहेबांचा आक्षेप हाच होता की, ज्यांची सेवा करायची त्यांना कारभारात जागा नाही. आमच्या तुकडीच्या बैठकीतही गावातलं कुणी नसायचं.

निघताना रक्तदाबाच्या रुग्णांची वही आम्ही त्या आरोग्यसेवकाच्या हाती दिली. पुढच्या वर्षीसाठी आम्हाला विचारणा झाली आहे. आम्ही दोन अटी कळवल्या : कुठलं औषध न्यायचं हे आरोग्यसेवक आणि ती नर्स ठरवतील, आणि आमच्या तिकिटाइतकी रक्कम आधी त्या कपाटासाठी जाईल. उत्तर अजून आलेलं नाही.