बत्तीस स्लाइड्सच्या नऊ

आमच्या शाळेत इतिहासाची सादरीकरण स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा मी लगेच विषय दिला : ‘जबलपूरमधील मराठा राजवट’. कारण सरळ होतं. मी साताऱ्याचा, बाबा फौजेत आणि डॉर्ममध्ये मराठी बोलणारा मी एकटाच. या शहरावर एकेकाळी मराठ्यांचं राज्य होतं, हे सगळ्यांना दाखवायची संधी मी कशी सोडणार?

वेळ होती ८ मिनिटं. मी बनवल्या ३२ स्लाइड्स. पुस्तकातले परिच्छेद जसेच्या तसे, मागे किल्ल्याचं चित्र, गोल फिरत येणारी अक्षरं आणि मधूनमधून तलवारींचा खणखणाट. पहिल्या सरावाला हाऊसमधली मुलं बसली. चौथ्या स्लाइडला मागून मोठी जांभई ऐकू आली. मी पडद्याकडे तोंड करून वाचत होतो. ८ मिनिटं संपली तेव्हा मी अकराव्या स्लाइडवर होतो.

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, “आता चार वाक्यांत सांग, नेमकं काय झालं?” मला एकही वाक्य धड सांगता आलं नाही. स्लाइडला माहीत होतं, मला नव्हतं.

त्या रात्री प्रेपमध्ये मी वहीत चार वाक्यं लिहिली. १७४२ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांच्या फौजेने गोंड राजधानी मंडल्यावर हल्ला केला, त्यात राजा महाराज शाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचं राज्य खालसा केलं. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपूरच्या लढाईनंतर तो इंग्रजांनी घेतला. एवढंच! बत्तीस स्लाइड्समध्ये हे कुठेतरी हरवलं होतं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. माझा बंकमेट मंडल्याचा आहे, गोंड. मी १७४२ ची स्लाइड सजवत होतो. वर मथळा होता ‘आपला विजय’ आणि मागे फटाके फुटत होते. तो वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “हमारे राजा थे वो.” बस्स. मग तो बूट पॉलिश करायला निघून गेला.

मला झोप आली नाही. ‘आपला’ म्हणजे कोणाचा? सभागृहात तोही बसणार होता. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण अर्धंच लिहिलं होतं. सकाळी सरांना विचारलं, विषय बदलू का? ते म्हणाले, “विषय तोच ठेव. गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते बघ.”

मग मी मागे गेलो, १५६४ पर्यंत. अकबराच्या आसफ खानाशी लढताना राणी दुर्गावतींनी प्राण दिले, ते याच गोंड राज्यासाठी. आणि पुढे गेलो, १८५७ पर्यंत. त्याच राजघराण्यातले शंकर शाह आणि रघुनाथ शाह या पितापुत्रांना इंग्रजांनी १८ सप्टेंबरला जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री इथली ५२ वी नेटिव्ह इन्फंट्री इंग्रजांची छावणी सोडून गेली. या दोन टोकांच्या मध्ये माझे मराठे बसले. आता ते कोणाच्या जागी आले आणि त्यांच्या जागी कोण आलं, हे दिसत होतं.

उरल्या ९ स्लाइड्स. एका स्लाइडवर एकच गोष्ट : मोठ्या अक्षरात साल आणि खाली एक ओळ. बाकीचं मी तोंडी सांगायचं. नकाशा हाताने काढला. नर्मदा, सागर, जबलपूर, मंडला, नागपूर, एवढंच त्यात. मदन महालाचा फोटो रविवारी आऊटपासवर मी स्वतः काढला. सभागृहाच्या खिडक्यांतून उजेड येतो, म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं घेतली आणि शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहिली. आदल्या दिवशी तिथल्या कॉम्प्युटरवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसले, म्हणून पीडीएफ करून ठेवली. ‘आपला विजय’ काढून ‘१७४२ : मंडल्याची लढाई’ लिहिलं.

स्लाइड बदलायला मी बंकमेटला बोलावलं. १७४२ आल्यावर मी महाराज शाहांचं नाव घेतलं आणि थोडा थांबलो. त्याने पुढची स्लाइड लगेच लावली नाही. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

आमचा दुसरा नंबर आला. रविवारी फोनवर आजोबांनी विचारलं, “मग, दाखवलंस का मराठ्यांचं राज्य?” मी सगळं सांगितलं, फटाक्यांचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सुट्टीत येताना त्या स्लाइड्स घेऊन ये. आणि त्या पोरालाही घेऊन ये.”