चार दिवस न सोडायची पट्टी

जखमेवरची पट्टी बदलणे हे शहरात दहा मिनिटांचे काम. माझ्या गावी, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात, त्याचा हिशेब वेगळा असतो. खुरपणीच्या दिवसांत पायाला खुरपे लागलेल्या बाईला ‘दिवसाआड या’ म्हटले, की तिचा दिवसाआड रोज बुडतो. मग ती दुसऱ्या खेपेला येतच नाही. गॉजचे धागे जखमेच्या लशीत वाळून घट्ट बसतात आणि पुढे कधीतरी पट्टी ओढून काढली, की खाली नुकते धरलेले कोवळे मांसही तिच्याबरोबर निघते. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला तर हे महिनोन्‌महिने चालते.

पॉलिमर हा माझा विषय आणि औषध भरलेल्या नॅनोतंतूंच्या पट्ट्या हे माझे काम. या क्षेत्रात तंतू किती बारीक निघाला, औषध किती मावले याची चर्चा फार होते. माझ्या लेखी पहिला प्रश्न निराळा आहे: रुग्णाच्या दोन खेपांमध्ये किती दिवस जाणार? औषध सुटण्याचा वेग त्यावरून ठरायला हवा.

तंतू काढण्याची रीत जुनी आहे. आंटोन फॉर्महाल्स यांना तिचे अमेरिकी पेटंट 1934 मध्ये मिळाले. पॉलिमरचे द्रावण सिरिंजमध्ये भरायचे, सुईला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि वीतभर अंतरावर धातूचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकाशी आलेला थेंब विद्युतभाराने ताणला जाऊन शंकूच्या आकाराचा होतो. जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये त्याचे गणित मांडले, म्हणून तो ‘टेलरचा शंकू’. त्याच्या टोकातून निघालेली धार वेटोळी घेत ताणली जाते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि पत्र्यावर पांढरा पापुद्रा साचू लागतो. दाटपणाला इथे फार महत्त्व. दिवाळीचा फराळ करणाऱ्यांना हे लगेच कळेल: पाक एकतारी नसेल तर तार धरत नाही, तसेच पॉलिमरचे लांबलचक रेणू एकमेकांत पुरेसे गुंतले नाहीत, तर तंतूऐवजी थेंब उडतात. साधलेला तंतू दोन-तीनशे नॅनोमीटर जाडीचा असतो. आमच्याकडच्या कापसाचा तंतू त्याच्या पन्नासपट तरी जाड. या पापुद्र्यातून वाफ बाहेर पडते, पण जिवाणूंना आत शिरणे अवघड जाते.

मात्र हाच बारीकपणा औषध टिकू देत नाही. एवढा पृष्ठभाग उघडा असला, की ओल लागताच औषध भसकन बाहेर पडते. पहिल्या काही तासांत निम्म्याहून अधिक गेलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. चौथ्या दिवशी जखमेवर नुसते पॉलिमर उरते. त्यावर एक तोड म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन सुया. आतल्या सुईतून औषध, बाहेरच्या सुईतून सावकाश झिजणारे पॉलिमर. कवच जितके जाड, तितके औषध हळू सुटते. पण अति हळू सुटणेही घातक. 2002 मध्ये टेट्रासायक्लीन भरलेल्या तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे अँटिबायोटिक भरण्याची रीघच लागली. औषधाचे प्रमाण जिवाणू मरण्याच्या पातळीखाली रेंगाळत राहिले, तर औषधाला न जुमानणारे जिवाणूच तेवढे वाढतात. साध्या जखमेच्या पट्टीत अँटिबायोटिक घालायला माझा विरोध आहे तो यासाठी.

मला आशा वाटते ती हळदीतल्या कर्क्युमिनकडून. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने जुने दाखले पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. आमच्या शेजारच्या वसमतच्या हळदीचा बाजार मोठा. तरीही हळदपूड थेट जखमेत भरू नये, तिच्यात जिवाणू असू शकतात. शुद्ध कर्क्युमिनची अडचण अशी, की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात विटते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या तंतूत ते रेणूंच्या पातळीवर पसरते आणि सावकाश सुटते. त्याला दुसरी सुईही लागत नाही. अशा तंतूंनी मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे 2009 मध्ये दिसले. उंदराची कातडी आक्रसून जखम मिटवते, माणसाची तशी नाही, म्हणून माणसांवरच्या चाचण्यांवाचून पुढे जाता येणार नाही.

कवचासाठी अनेकांचा आवडता पीएलजीए हा पॉलिमर मात्र मराठवाड्यात मला नको वाटतो. साधारण 45 ते 55 अंशांच्या दरम्यान तो मऊ पडतो आणि ताणून काढलेले तंतू आक्रसतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच 43-44 वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात काय होत असेल! पॉलिकॅप्रोलॅक्टोन वितळते 60 अंशांच्या आसपास, म्हणून त्यावर माझा भर. वाफेने निर्जंतुक करणे त्यालाही सोसत नाही. गॅमा किरण वापरता येतात, पण किरणांनंतर औषध सुटण्याचा वेग पुन्हा तपासावा लागतो. प्रयोगशाळेत हा वेग क्षाराच्या पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात मोजतात. खऱ्या जखमेत पाणी थोडे, प्रथिने भरपूर. तिथले आकडे वेगळे येतात.

पट्टीची तुलनाही केवळ गॉजशी नको. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून अभ्यास केला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. केळीचे पान जखमेला चिकटत नाही आणि अगदी स्वस्त पडते. नॅनोतंतूंची पट्टी त्याहून कितीतरी महाग होणार. त्या जादा पैशांत खुरपणीच्या हंगामात एका बाईच्या किती खेपा आणि किती रोज वाचतात, हा आकडा चाचणीच्या अहवालात जखम भरायच्या दिवसांच्या शेजारी छापला जावा, अशी माझी मागणी आहे.