रंगी चौथ्यांदा उलटली तेव्हा

अनंत चतुर्दशीला रात्री रंगी व्याली. तिचा आणि रेडीचा फोटो टाकला तर अभिनंदनापेक्षा एकच प्रश्न जास्त आला : "दादा, कुठली पावडर दिली?" फोनवर दहा जणांना दहा वेळा सांगून झालं, तरी प्रत्येकाला फक्त पुड्याचं नाव पाहिजे. नाव सांगणार नाही. घडलं ते सगळं लिहितो, मग तुम्हीच ठरवा.

रंगी ही कल्याणकडच्या तबेल्यातून आणलेली मुऱ्हा. ऑक्टोबर २०२२ ला माझ्याकडे पहिल्यांदा व्याली, दूध चांगलं दिलं. जानेवारीत माजावर आली, भरवली. एकवीस दिवसांनी उलटली. परत भरवली, परत उलटली. मार्चपर्यंत चार वेळा. त्यानंतर उन्हाळ्यात तिने माज दाखवलाच नाही. दूध आटत चाललं आणि खाणं चालू. माझ्या वहीत दिवसाला दीडशे रुपये खर्च पडतो, म्हणजे एक उलटणं तीन हजार दीडशेला. भरवण्याचे पैसे वेगळेच. जूनमध्ये एक व्यापारी गोठ्यात येऊन किंमत करून गेला. कुठे जाणार होती हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या काळात मी काय काय घातलं ते ऐका. दुकानातून पाच लिटरचा कॅल्शिअमचा कॅन आणला, रोज शंभर मिली. मग माजावर आणणाऱ्या गोळ्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मोड आलेले गहू. रंगी तेवढं सगळं खायची आणि वर गोठ्याची भिंत चाटायची. एकदा माझी चप्पल चघळत होती. आई म्हणाली, "अरे, तिला काहीतरी कमी पडतंय, ती सांगतेय." मी हसलो.

डोळे उघडले ते खालापूरला. चौकजवळ मेव्हण्याचा गोठा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची म्हैस व्याल्यावर पंधरा-सोळा दिवसांनी लाल लघवी करायला लागली, अगदी चहाच्या रंगाची. सगळे म्हणाले गोचीड ताप. पण ताप नव्हता, अंगावर गोचीडही फारसे नव्हते. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन तपासलं, त्यात जंतू दिसले नाहीत. ते म्हणाले, हा फॉस्फरसचा तुटवडा आहे. दुधातून फॉस्फरस जातो, खाण्यातून येत नाही, मग रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लघवीतून रंग येतो. शिरेतून फॉस्फरसचं इंजेक्शन दिलं, वाचली. (लाल लघवी दिसली की घरी काही करत बसू नका. गोचीड तापाचं औषध वेगळं, याचं वेगळं, आणि दोन्हीत जनावर लवकर जातं.) डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "खायला काय घालता?" मेव्हणा म्हणाला, पेंढा. मी बाजूला उभा होतो. माझ्याकडेही पेंढाच.

आता पेंढ्याबद्दल थोडं. आपल्या कर्जत-खालापुरात जनावराचं पोट आठ महिने भाताच्या पेंढ्यावर चालतं. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस ०.१ टक्क्याच्या आसपास. सिलिका भरपूर, म्हणून पचायला जड. आणि ऑक्झलेट असतं, ते कॅल्शिअमला धरून बसतं, म्हणजे पेंढ्यात जे थोडं कॅल्शिअम आहे तेही पूर्ण अंगी लागत नाही. हिरवं नसलं की अ जीवनसत्त्वही नाही. बरं, आपली माती तरी कशी? तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सगळं धुऊन उल्हास नाहीतर पाताळगंगेला. राहते ती आंबट माती, तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनिअम फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं. मातीत अडकलं ते गवतात कुठून येणार, आणि गवतात नाही ते म्हशीत कुठून येणार!

म्हणजे मी नऊ महिने कॅल्शिअम ओतत होतो आणि तिला पाहिजे होता फॉस्फरस. जोडीला तांबं, जस्त, मँगनीज. हे मिलिग्रॅमच्या हिशोबात लागतात, पण ते नसले की माज मुका राहतो किंवा गर्भ धरत नाही. कॅल्शिअम वाईट नाही, दुभत्या म्हशीला लागतंच. पण कॅल्शिअम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक असं जुळलेलं पाहिजे, एकट्याचा कॅन ओतून भागत नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मला कुठल्याच दुकानदाराने सांगितली नव्हती : व्यायच्या आधीच्या महिन्यात कॅल्शिअमचा मारा करू नये. शरीर हाडातून कॅल्शिअम काढायची सवय विसरतं, आणि व्याल्यावर एकदम दूध आलं की जनावर गारठून बसतं. दुग्धज्वर तो हाच.

कर्जतला परत आलो आणि आधी शेण तपासायला दिलं. हे मी चार वेळा भरवण्याच्या आधी करायला पाहिजे होतं. यकृतातल्या चपट्या कृमींची अंडी निघाली. राजनाल्याच्या पाण्यावर आपल्याकडे उन्हाळी भात होतो, चांगली गोष्ट आहे, पण पाणी वर्षभर म्हणजे गोगलगायही वर्षभर, आणि या कृमीचं अर्धं आयुष्य गोगलगायीत जातं. बांधावरचं ओलं गवत खाल्लं की आत. ज्या जनावराचं यकृत पोखरलंय त्याला महागातली पावडर घालणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. जबड्याखाली मऊ सूज दिसली तर हा संशय घ्या. औषध डॉक्टरांकडूनच, कारण साध्या जंताच्या गोळीने चपटे कृमी जातीलच असं नाही, आणि गाभण जनावराला काय चालतं ते त्यांनाच विचारावं.

मग खाणं बदललं. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, दोन्ही आंबोणात. पुडा घेताना मी आता चित्र बघत नाही, मागची बारीक अक्षरं वाचतो. आयएसआयची खूण आणि बिनमिठाच्या मिश्रणात फॉस्फरस १२ टक्क्यांच्या आसपास आहे का, एवढं बघतो. ज्या पुड्यावर टक्केच छापलेले नाहीत तो परत ठेवतो.

पण खरी मजा कोंड्याची. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस खूप असतो, जवळपास दीड टक्का. कोंबडीला तो नीट वापरता येत नाही, रवंथ करणाऱ्याला येतो, पोटातले जिवाणू तो सोडवून देतात. आणि मी काय करत होतो? भात भरडून आणायचो आणि कोंडा गिरणीवरच सोडून द्यायचो. दुकानातून विकत आणत होतो ते माझ्याच पोत्यातून सांडत होतं. आता दोन किलो कोंडा रोज. एक सावधगिरी : हलरच्या कोंड्यात तूस फार येतं, ते कोंडा नव्हे. आणि चांगला कोंडा पंधरा दिवसांत खवट होतो, साठा करू नका.

हिरव्यासाठी बांधावर शेवरी आणि थोडं सुबाभूळ. सुबाभूळ मूठभर ठीक, नुसतं तेच घातलं तर केस गळतात. कापणीनंतर शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडला आणि एकवीस दिवस दाबून झाकून ठेवला. उघडल्यावर जरा वारा लागू दिला आणि मगच घातला. लहान वासरा-रेडकांना तो देऊ नका, आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नका.

रंगीने दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सोट टाकला. ओरडली नाही, काही नाही, म्हशीचा माज तसाच असतो. शेपटीखाली बघणारा माणूस पाहिजे. नरक चतुर्दशीच्या सकाळी, फराळ बाजूला ठेवून, भरवली. १२ नोव्हेंबर २०२३. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून गाभण सांगितली, आणि १७ सप्टेंबरच्या रात्री व्याली. बरोबर ३१० दिवस. वारही वेळेत पडली.

आता प्रामाणिक हिशोब. कृमींचं औषध, खनिज, कोंडा, हिरवं, सगळं मी दीड-दोन महिन्यांच्या आत केलं. वर म्हैस तशीही थंडीच्या तोंडाला चांगली माजावर येते, उन्हाळ्यात नाही. कशामुळे धरलं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि त्याच गोठ्यातली काळी, तेच खाणं, तोच कोंडा, तरी उलटत राहिली. तिचा सोट काचेसारखा नव्हता, पांढुरका होता. पिशवीत पू होता. तिला औषधोपचार लागला, पावडरीने काही झालं नसतं. म्हणून पुड्याचं नाव विचारणाऱ्यांना मी उलटा प्रश्न विचारतो : सोट कसा आहे? शेण तपासलंय का?

रेडीचं बघू. आमच्याकडे रेड्या पेंढ्यावर वाढतात आणि चार-साडेचार वर्षांनी पहिल्यांदा वितात. हिला चरायला लागल्यापासून २० ग्रॅम खनिज द्यायचं ठरवलंय आणि महिन्याला टेप लावायची. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. आज घेर २८, लांबी २५, म्हणजे तिशीच्या आत-बाहेर. आई म्हणते टेप लावलेलं जनावर दृष्ट लागून वाळतं. म्हणून ती गोठ्यात नसते तेव्हा मोजतो.

पंधरा दिवसांत हळवं भात कापणीला येईल. या वेळी गिरणीवर पोती मोजून नेणार आहे, भाताची पण आणि कोंड्याची पण.