टेपमधला हशा

माझ्या मामांकडे काळू-बाळूंच्या ‘जहरी प्याला’ या वगाची एक कॅसेट आहे. विकतची नव्हे; पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबूत मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. तिच्यात मामांचा खोकला आहे, शेंगा फोडल्याचे आवाज आहेत. एके ठिकाणी ढोलकी थांबते, कुणी काही बोलत नाही आणि एकाएकी अख्खा तंबू हसत सुटतो. थांबतच नाही. कशाला हसले, हे काही टेपवर आलेलं नाही.

मामांना विचारलं तर म्हणाले, “काळूनं आपली टोपी बाळूच्या डोक्यावर ठेवली की रं!” माझी नोकरी साताऱ्यात. ऑफिसातल्या कोरेगावकडच्या एका अण्णांना ती टेप ऐकवली. त्यांनी मामांना वेड्यात काढलं. “टोपीबिपी काही नाही. दोघांनी एकमेकांनाच सलाम ठोकला. मी पुढं बसलो होतो.” मामा आणि अण्णा एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण माझ्या फोनवरून दोघांचं भांडण मात्र सुरू आहे.

काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, सांगलीजवळच्या कवलापूरचे जुळे भाऊ. तमाशा घरातलाच, आधीच्या पिढीचा शिवा-संभाचा फड. वगात दोघं हवालदार. चेहरा तोच, वेशही तोच. काळू कुठला न् बाळू कुठला, यावर पैजा लागायच्या. एरवी सोंगाड्या एक आणि त्याला टेकू देणारा दुसरा. इथे दोघंही सोंगाडे, आणि टेकूही एकमेकांचाच. गण, गौळण, बतावणी उरकून वग उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटलेली असायची. पेंगणाऱ्याला शेजारचा कोपरानं ढोसायचा, “उठ, हवालदार आलं!”

लावणीचं कौतुक शहरांनी केलं. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ साली पडद्यावर आला, तेव्हा तमाशातला विनोदही शहरांना पटला. काळू-बाळू मात्र गावोगावच्या जत्रांचेच राहिले. मला वाटतं, त्यांचं निम्मं हसू बोलण्यात नव्हतंच, नुसतं उभं राहण्यात होतं. ते लिहून तरी कसं काढणार? (मामांना हे पटत नाही. त्यांच्या मते लिहिणारे रात्रभर जागेच राहत नाहीत.)

२०११ साली काळू गेले, पुढे बाळूही. जोडी संपली.

मामा तासगाव तालुक्यातले, गावच्या यात्रा कमिटीत. पाडव्याच्या सुमाराला विट्यात फडांच्या राहुट्या पडतात, तिथे सुपारी ठरवायला एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. मॅनेजर बाया किती, लाइट कसली, हिंदी गाणी कुठली ते सांगू लागला. मामा म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. हवालदार दाखव.” त्यानं दोन पोरं पुढं केली, एक लंबू, एक बुटका. मामांनी कपाळाला हात लावला. तरी बतावणीचा तुकडा करायला लावला, खाली बसून पाहिला आणि सुपारी दिली.

परतताना मी विचारलं, “आवडली व्हय पोरं?”

“न्हाई. पण हशा यायच्या आधी लोकांकडं बघत न्हाईत. एकमेकांकडं बघत्यात.”