दादांची वही

आमच्या घरात एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेली. आतला मजकूर पेन्सिलीने, उर्दूत लिहिलेला. ती माझ्या दादांची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची. दादा शिकारी होते. हे साधं वाक्य मी नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत शाळेत कुणासमोर उच्चारलं नाही.

आमच्या भागात, म्हणजे तेव्हाच्या भंडारा आणि 1999 पासूनच्या गोंदिया जिल्ह्यात, 'शिकारी' शब्दाला दोन अर्थ होते. एक बंदूकवाला साहेब. दुसरा, त्या साहेबाच्या पुढे चालून जनावर कुठे आहे ते सांगणारा माणूस. दादा दुसऱ्या प्रकारचे. त्यांच्याकडे बंदूक कधीच नव्हती.

त्या काळी सरकारी जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. कोणत्या ब्लॉकात, किती दिवस आणि कोणती किती जनावरं, हे परमिटवर लिहिलेलं असे. साहेब परमिट घेऊन नागपुराहून येत, पण ब्लॉकात जनावर कुठे बसतं हे त्यांना ठाऊक नसे. म्हणून दादा आणि त्यांचे एक गोंड दोस्त चार-पाच दिवस आधीच सगळा ब्लॉक पायी पालथा घालत. माग काढायचा, पाणवठे बघायचे, वहीत नोंद करायची. मजुरी मिळायची ती या कामाची.

1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि साहेब यायचे थांबले. दादा मात्र जंगलात जातच राहिले. मी सात-आठ वर्षांचा असताना मला नाल्यापर्यंत न्यायचे. वाळूत ठसा दिसला की मी धावायचो. ते मनगट धरून थांबवायचे. म्हणायचे, "पहले पढ़, फिर चल."

वाचायचं काय, तेही त्यांनीच शिकवलं. ठशात नख्या उमटल्या असतील तर रानकुत्रा किंवा तडस, नसतील तर वाघ-बिबट्या. वाघाचा ठसा चौकोनी, वाघिणीचा जरा लांबट. फाटलेला खूर आणि मागे दोन छोटे ठिपके, म्हणजे रानडुक्कर. वारूळ फोडलेलं, आसपास बोराच्या बिया भरलेली विष्ठा, म्हणजे अस्वल. रोही एकाच जागी लेंड्या टाकत राहतो, तो ढीग त्याच्या येण्याजाण्याचा पुरावा. ठशाची कड धारदार असेल तर ताजा, कड ढासळून आत पाचोळा पडला असेल किंवा कोळ्याने वर जाळं विणलं असेल तर शिळा. आणि एखाद्या झाडाजवळ अचानक बासमती शिजल्याचा वास आला तर उलट फिरायचं. वाघाने तिथे फवारा मारलेला असतो.

वहीत हे सगळं तारीखवार आहे. पण एका नोंदीनंतर सतरा कोरी पानं आहेत.

साहेबाने सांबराच्या मादीवर गोळी झाडली. ती पडली नाही, पळाली. आपल्याकडचे उलेमा सांगत की गोळी लागलेलं जनावर जीव असेपर्यंत जबह झालं पाहिजे, नाहीतर हराम. म्हणून दादा सुरी घेऊन धावायचे. त्या दिवशी रक्ताचे थेंब नाल्यापर्यंत मिळाले, पुढे पाऊस आला. साहेबाने सांगितलं, सोडा, दुसरं बघू. दादा मजुरीचे माणूस. त्यांनी सोडलं. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा जागा कळली. वहीत एवढंच लिहिलंय की तिच्या सडाला दूध होतं. अम्मी सांगते, त्यानंतर त्यांनी शिकारीचं गोश्त कधी खाल्लं नाही.

अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये शिकारीचा मसला येतो. बाण लागलेली शिकार दिसेनाशी झाली, एक-दोन दिवसांनी सापडली आणि तिच्यावर तुझ्याच बाणाची खूण असेल, तर खा. पाण्यात पडलेली सापडली तर खाऊ नकोस. कारण ती बाणाने मेली की बुडून, हे तुला कळणार नाही. लहानपणी मदरशात हे ऐकलं तेव्हा तो फक्त खाण्यापिण्याचा नियम वाटला होता. आता वाटतं, खूण नीट वाचल्याशिवाय निवाडा करू नये, हाही धडा त्यात आहे.

हे सुचायला कारण घडलं. एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात पर्यावरणाचा तास होता. वाघ कमी का झाले यावर चर्चा चालली असताना शेजारी बसलेले एक गुरुजी हसत म्हणाले, "सर, तुमच्याच लोकांनी खाल्लं ना जंगल." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन वही काढली आणि रद्दीत टाकायला बाजूला ठेवली. शूटिंग ब्लॉक कुणी पाडले, परमिट कुणी दिलं, बंदूक कुणाच्या हातात होती, यातलं काहीच मी बोललो नव्हतो. आणि दादांचा वाटा शून्य होता, असंही मला म्हणता येत नव्हतं. त्यांनी वाट दाखवली होती.

वही वाचली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. आमच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली मुलगी, आता वनरक्षक आहे. गेल्या ईदला भेटायला आली. शीरखुर्मा खाता खाता मी विचारलं, "बेटा, तुझं काम काय असतं नेमकं?"

"सर, चालायचं," ती म्हणाली. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तेव्हा प्रत्येक बीटमध्ये ठरलेल्या वाटेवर पहाटे चालून ठसे, विष्ठा, ओरखडे मोबाइलमध्ये नोंदवायचे. पूर्वी काच ठेवून ठसा उतरवत आणि त्यावरून वाघ मोजत. 2005 साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, आधीच्या गणनेत मात्र ते होते. "नुसत्या ठशावर मोजणी सोपवली तर असं होतं, सर. आता कॅमेरे लावतात. पण कॅमेरा कुठे लावायचा, ते चालल्याशिवाय कळत नाही."

मी उठून रद्दीतली वही आणली. ती उजवीकडून उघडून सरळ वाचू लागली. तिच्या ऑफिसात ही लिपी येणारी ती एकटीच. चौथ्या पानावर थांबली. "सर, हा नाला माझ्या बीटमध्ये आहे."

पुढच्या रविवारी गावरस्त्याच्या पुलाजवळ आम्ही भेटलो. तिथून पुढे मला परवानगी नव्हती, आणि तिनेही नियम मोडला नाही. पुलाखाली वाळू ओली होती. मी वाकून बघू लागलो. फाटलेला खूर, लांबट, मोठा. बाजूला तसाच पण छोटा.

"सांबर," मी म्हणालो. "मादी आणि पिल्लू."

ती ठशाच्या कडेला बोट न लावता बराच वेळ बघत राहिली. "पहाटेचे आहेत, सर." मग तिने मोबाइल काढून नोंद केली.

वही आता तिच्याकडे आहे. ती मराठीत उतरवून देणार आहे, मी व्याकरण तपासणार आहे. सतरा कोरी पानं तशीच ठेवायची, असं आमचं ठरलंय. पुढच्या प्रशिक्षणाला मी ते मराठी हस्तलिखित सोबत नेणार आहे. गुरुजी शेजारी बसले तर त्यांना वाचायला देईन.